दगडावरचा सातबारा

आपलं गाव किती जुनं, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? फार तर पणजोबांपर्यंत जाल. मीही त्यातलाच. बी.एस्सी. कृषी होऊन मावळात आलो, तेव्हा वेहेरगाव म्हणजे भाताची खाचरं आणि डोंगरावरची एकवीरा आई, एवढंच मला ठाऊक होतं.

तिथल्या एका आबांकडे माझं जाणं-येणं असे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली निघालेला इंद्रायणी वाण त्यांच्या दोन एकरांत छान यायचा. एके वर्षी लावणीआधी आबा म्हणाले, "सायब, पोरं म्हणत्यात खाचरं इकू. बंगलेवाले चांगला भाव देत्यात. ह्या डोंगराबुडी हाय तरी काय?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं, "आबा, उद्या वर येता?"

दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढून आम्ही कार्ल्याच्या लेण्यापाशी गेलो. तिथल्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरं आहेत. पुस्तकात वाचलेला त्यांचा अर्थ मी आबांना सांगितला. नहपान राजाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना पावसाळ्याच्या मुक्कामासाठी करजिक नावाचं गाव दान दिलं. ही गोष्ट सुमारे १९०० वर्षांपूर्वीची. पुढे सातवाहन राजाचा हुकूमही इथेच कोरला गेला. तो होता मामालच्या अधिकाऱ्याला. मामाल म्हणजेच आपलं मावळ!

आबा अक्षरांवरून नजर फिरवत म्हणाले, "म्हंजी सातबारा दगडावर लिवलाय की!"

मग आम्ही कट्ट्यावर बसलो. समोर लोहगड, विसापूर. खाली इंद्रायणीचं खोरं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, आणि तळेगावकडे जावं तसा तो भराभर कमी होतो. पाणी आहे म्हणून भात, आणि कोकणातून बोरघाटाने वर येणारी वाट आहे म्हणून व्यापारी. लेण्याच्या खांबांवर दूरदेशीच्या यवनांचीही नावं आहेत. याच वाटेने १७७९ साली इंग्रजांची फौज तळेगावपर्यंत आली आणि वडगावला मराठ्यांपुढे नमली. १८६३ साली घाटातून रेल्वे धावली. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि त्यावरून बंगलेवाले आले.

"वाट कुणाला अडवत न्हाई," आबा म्हणाले. "पर खाचर गेलं की पुन्हा बांधता येत न्हाई."

खोटं कशाला सांगू? आबांनी एक एकर विकलाच. नातीचं लग्न होतं, डोक्यावर कर्ज होतं. त्यांना दोष देणारा मी कोण? मला महिन्याला पगार मिळतो, त्यांना तो पावसावर सोडावा लागतो. पण दुसरा एकर त्यांनी राखला. आता त्यांचा धाकटा मुलगा फाट्यावर बसून देवीला येणाऱ्यांना घरचा इंद्रायणी तांदूळ विकतो. बाजारात घालण्यापेक्षा चार पैसे जास्त सुटतात.

तेव्हा मंडळी, कागदावर अंगठा उठवण्याआधी एकदा आपल्या गावाची चौकशी करा. गावाचं नाव कशावरून पडलं, पाणी कुठून येतं, जुनी वाट कुठे जायची, हे म्हाताऱ्यांना विचारा. विकायचं की राखायचं, ते मग ठरवा.