मठातलं जेवण

सँटोरिनी बेट, फिरा गाव. इथल्या जुन्या कॅथलिक मठात आता ‘सेलीनी’ हे रेस्टॉरंट आहे. 1986 साली योर्गोस हात्झियान्नाकिस यांनी ते सुरू केलं. बेटावर पिकतं तेच मानानं ताटात आलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास.

आज मन अडकलं ते फावात. पिवळी डाळ मऊ शिजवून घोटलेली. वर ऑलिव्हचं तेल, केपर, थोडा कांदा. पहिल्याच घासाला घरचं वरण आठवलं. ही डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. सुमारे 3,500 वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इथल्याच अक्रोतिरी या प्राचीन वस्तीच्या उत्खननातही तिचे दाणे सापडले. पाऊस जेमतेम, जमीन राखेची, तरी ती पिकते. सोबतची असिर्टिको वाइनही त्याच मातीतली. वाऱ्यानं द्राक्षं झोडपू नयेत म्हणून तिथे वेली जमिनीलगत गोल वळवतात.

गरिबाघरचं अन्न इतक्या आदरानं वाढलेलं पाहून फार बरं वाटलं. सँटोरिनीला जाल तेव्हा सूर्यास्ताच्या गर्दीतून एक संध्याकाळ या डाळीसाठी नक्की राखून ठेवा.