दुसऱ्या नंबरचे मानकरी

काही लोकांच्या पत्रिकेतच दुसरा नंबर लिहिलेला असतो. वर्गात पहिला दुसराच कोणीतरी येतो, आणि दुसरे पहिल्यापासून आपणच असतो! जर्मनीतल्या लेव्हरकुझेनच्या फुटबॉल क्लबावर माझा जीव जडला तो या भाऊबंदकीतून. नाहीतर एरवी राइनकाठचं ते गाव कुठे आणि आमचं सेव्हिंग्ज काउंटर कुठे!

हा क्लब १९०४ साली बायर कंपनीच्या कामगारांनी काढला. तीच ती अ‍ॅस्पिरिनवाली बायर. जगाची डोकेदुखी थांबवणाऱ्या कंपनीच्या क्लबाने आपल्या भक्तांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या डोकेदुखी दिली. धंद्याच्या दृष्टीने यात काही चूक नाही. मी कॉमर्सचा आहे, मला कळतं.

१९९७ साली हे दुसरे, १९९९ साली दुसरे. २००० साली मात्र शेवटच्या सामन्याआधी बायर्न म्युनिकपेक्षा तीन गुणांनी पुढे. सामना कोणाशी? तर म्युनिकच्या वेशीवरच्या उंटरहाखिंगशी. म्हणजे आपल्याकडे तालुक्याच्या संघाशी म्हणा ना! जिंकायचीसुद्धा गरज नव्हती, नुसती बरोबरी पुरे होती. तर मिखाएल बालाकने, म्हणजे यांच्याच हुकमी खेळाडूने, चेंडू आपल्याच जाळ्यात घातला. सामना २-० ने गेला. गुण बायर्नएवढेच झाले आणि गोलांच्या फरकावर विजेतेपद म्युनिकला!

पण खरा कळस २००२ साली. तीन सामने उरले होते आणि आघाडी पाच गुणांची. एवढ्या शिलकीवर माणूस पेढ्यांची ऑर्डर देतो. हे ब्रेमेनशी हरले, मग न्यूर्नबर्गशी हरले, शेवटचा जिंकले. डॉर्टमुंड ७०, लेव्हरकुझेन ६९! आमच्या कॅशमध्ये संध्याकाळी एक रुपया कमी पडला, तर कॅशियर खिशातला घालतो आणि लोकल पकडतो. गुण कोणाच्या खिशात असतात?

आठवड्याभरात जर्मन चषकाची फायनल शाल्केशी हरले. त्यानंतर चारच दिवसांनी ग्लासगोला चॅम्पियन्स लीगची फायनल रेआल माद्रिदशी. झिदानने हवेतल्या हवेत असा काही गोल मारला की हरणाऱ्यांनीही टाळ्या वाजवाव्यात. बालाकसकट या क्लबाचे काही गडी तेवढ्यावर थांबले नाहीत. ते जर्मनीच्या संघातून वर्ल्ड कपला गेले आणि तिथेही दुसरे आले. फायनलला बालाक तर खेळलाच नाही. उपांत्य सामन्यात पिवळं कार्ड मिळाल्यामुळे बाहेर बसला होता. दुसरा नंबरसुद्धा बसून घ्यायचा, याला नशीब लागतं!

लोकांनी क्लबाचं नाव 'व्हिझेकुझेन' ठेवलं. व्हिझे म्हणजे उप. उपसरपंच, उपमहापौर, तसं हे उपकुझेन. मला ते नाव ऐकून हसू आलं नाही. बँकेच्या पदोन्नतीच्या यादीत मी दोनदा प्रतीक्षायादीवर पहिला आलेलो आहे. प्रतीक्षायादीवर पहिला येणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला लेव्हरकुझेन समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही वेळा यादीतल्या कोणीच नकार दिला नाही. सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत.

आणि मग २०२४ साल उजाडलं. शाबी आलोन्सो नावाच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली १४ एप्रिलला, पाच सामने बाकी असतानाच, त्याच ब्रेमेनचा ५-० असा धुव्वा उडवून हे पहिले आले. अख्ख्या लीगमध्ये एकही पराभव नाही. २८ विजय, ६ बरोबरी. मला आनंद झाला, पण खोटं कशाला बोला, थोडं चुकल्याचुकल्यासारखंही झालं. गल्लीतला जुना भाडेकरू फ्लॅट घेऊन निघून जावा तसं.

घरात मात्र मी नको तितक्या मोठ्या आवाजात ही बातमी सांगितली. सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचंसुद्धा झालं म्हणायचं. आता तुमचा फॉर्म कधी भरताय?"

नाइलाज झाला. एकशेवीस वर्षांनी माणसं पहिली येऊ शकतात, हा पुरावा मीच तिच्या हाती दिला होता. फॉर्म भरला. पुस्तकंही आणली.

त्यानंतरच्या, म्हणजे २०२४-२५ च्या मोसमात बायर्न पहिले आले आणि लेव्हरकुझेन दुसरे. हे मी सौ.ला अजून सांगितलेलं नाही. परीक्षा महिन्यावर आली आहे, आणि सध्या मला सकाळचा चहा अंथरुणात मिळतो.