पालथं भांडं

बिडाचं एक मोठं भांडं. दिवसा त्यात कपडे उकळायचे, नाहीतर जेवण शिजायचं. रात्री मालकाच्या घरातले दिवे मालवले की ते दारापाशी पालथं घालायचं, एका कडेखाली काटकी सरकवून जरासं उचललेलं. मग भोवती बसून प्रार्थना करायची, गायचं, रडायचं. समजूत अशी, की आवाज त्या भांड्यात शिरतो आणि तिथंच राहतो. गस्तवाल्यांच्या कानी जात नाही.

१९३० च्या दशकात अमेरिकी सरकारने दोन हजारांहून अधिक माजी गुलामांच्या आठवणी टिपून घेतल्या. टिपणारे बहुतेक गोरे, सांगणारे पार थकलेले. पुष्कळसं हातचं राखूनच सांगितलं असणार. तरी हे भांडं वेगवेगळ्या राज्यांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी पुन्हापुन्हा येतं. पालथ्या भांड्याने माणसांचा आवाज अडत नाही, हे कुणीही सांगेल. काही अभ्यासक या रिवाजाची मुळं पश्चिम आफ्रिकेत शोधतात. असतीलही. मला मात्र त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. सापडलो तर पाठीवर चाबूक बसणार, तरी जमायचंच, हे आधी ठरलं. भांडं नंतर आलं. पोटचं पोरसुद्धा विकलं जाई अशा घरातून देवाकडे निघताना जे हाताशी होतं, ते त्यांनी उचललं.

देवाबद्दल त्यांना मालकही सांगत होताच. रविवारी मालकांच्या मर्जीतले उपदेशक बजावत, धन्याची आज्ञा पाळा, चोरी करू नका. पण त्याच बायबलमध्ये इजिप्तच्या गुलामीतून आपल्या लोकांना बाहेर काढणारा मोझेसही होता, आणि तो या कानातून त्या कानी जात गेला. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलाम उपदेशकाने बंड केलं. ते चिरडल्यावर तिथल्या कृष्णवर्णीयांच्या उपदेश करण्यावर कायद्यानेच बंदी आली.

३१ डिसेंबर १८६२ ची रात्र कृष्णवर्णीयांनी चर्चमध्ये जमून जागवली. उजाडल्यावर लिंकन मुक्तीचा जाहीरनामा काढणार होते. अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्रीचा तो जागर आजही होतो. जाहीरनामा निघाला, पण फक्त यादवी युद्धातल्या बंडखोर राज्यांपुरता. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला तो लागू झाल्याची घोषणा व्हायला १९ जून १८६५ उजाडला. इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. तिकडे मात्र मिळालेलं निसटायला लागलं होतं. पुढे झुंडीने दिलेले फास, मतदारयादीत नाव येऊ न देण्याच्या क्लृप्त्या, कृष्णवर्णीयांसाठी वेगळे नळ, वेगळे बाक.

५ डिसेंबर १९५५ ला अलाबामातल्या माँटगमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसवरचा बहिष्कार सुरू झाला आणि ३८१ दिवस चालला. रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग ही नावं आपल्याला पाठ आहेत. जॉर्जिया गिल्मोर हे नाव नसतं. बाई एका खाणावळीत स्वयंपाकीण होत्या. त्यांनी आपल्यासारख्या बायका गोळा केल्या, घराघरांत चिकन तळलं, केक भाजले, ते विकले आणि आलेले पैसे चर्चमधल्या सभेत नेऊन ओतले. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले? कुठूनच नाही! यातल्या कित्येकजणी गोऱ्यांच्या घरी रांधायच्या. नाव फुटलं असतं तर काम गेलं असतं. पैसे लागायचे ते लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांना. त्यातल्या काही चर्चच्या नावावर घेतलेल्या होत्या, अंगावर चर्चचं नाव रंगवलेल्या. श्रद्धेवरचं भाषण रंगात आलं की हल्ली मला विचारावंसं वाटतं, पेट्रोलचे पैसे कुणी भरले?

१९५६ साली या बहिष्कारावरून किंग यांच्यावर झालेल्या खटल्यात बाईंनी बसमधल्या अपमानाची साक्ष दिली. नोकरी गेली. मग घरातच रांधून वाढायला लागल्या.

हे सगळं गोड वाटू लागतं तेव्हा अलाबामातलंच बर्मिंगहॅम आठवावं. १५ सप्टेंबर १९६३, रविवारची सकाळ, सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च. बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या. भांडं पालथं घालायची गरज नसलेल्या जागी, भर दिवसा. त्यानंतरही सगळ्यांची श्रद्धा टिकली असं मला म्हणवत नाही. काहींची नक्कीच तुटली असेल, आणि तरी ते मोर्चात चालले असतील.

१९६५ मध्ये सेल्मापासून माँटगमेरीपर्यंत लोक चालत गेले ते मताच्या हक्कासाठी. त्याच वर्षी कायदा झाला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातलं एक मुख्य कलम निकामी केलं. तो खटलाही अलाबामातल्याच एका काउंटीने लढवलेला. २०२१ मध्ये शेजारच्या जॉर्जिया राज्याने मतदान केंद्राच्या १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदारांना खाणं-पाणी वाटणं गुन्हा ठरवलं. गिल्मोरबाई १९९० मध्येच गेल्या. नाहीतर त्यांनी आधी टेप घेऊन दीडशे फूट मोजले असते आणि एकशे एकावन्नाव्या फुटावर टेबल मांडलं असतं.