तोंडावरून नाते



पत्रिकेसाठी चार ओळी लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा पुष्कळ दिवस मनात असलेली एक कबुली देऊन टाकावी असे ठरवले.

१९९४ साली नववीच्या विज्ञानाच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता : मासा कोणत्या कुळातील आहे हे ओळखताना काय काय पाहाल? तोंडाचा आकार, पर, खवले असे उत्तर अपेक्षित होते. एका मुलाने लिहिले, "तोंड पाहणार नाही. तोंड खाण्याप्रमाणे बनते." मी दोन गुण कापले. तो उठून म्हणाला, "सर, कटला आणि मृगळ एकाच कुळातले ना? मग कटल्याचे तोंड वर वळलेले आणि मृगळाचे खाली का?" त्याचे वडील तापीत जाळे टाकीत. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. माझे माशाचे ज्ञान फळ्यावरच्या आकृतीएवढे. तरीही "पुस्तकात पाहा" असे म्हणून मी त्याला खाली बसवले.

कटला पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. मुलगा बरोबर होता. पण तो किती बरोबर होता, हे मला निवृत्तीनंतर कळले. पुण्याला नातीच्या काचेच्या टाकीत निळे-पिवळे मासे होते. मलावी सरोवरातले, असे ती म्हणाली. त्यांच्याविषयी वाचू लागलो आणि वाचतच राहिलो.

आफ्रिकेत टांगानिका आणि मलावी ही दोन प्रचंड गोड्या पाण्याची सरोवरे आहेत. दोन्हींत सिक्लिड कुळातल्या शेकडो जाती राहतात. (आपल्या बाजारातला तिलापिया याच कुळातला, मूळचा आफ्रिकेतला, तो १९५२ साली भारतात आणला गेला.) खडकावरचे शेवाळ खरवडणारा मासा टांगानिकात आहे, तसाच मलावीतही आहे. गोगलगायी फोडून खाणारा, दुसरे मासे गिळणारा, यांचेही तसेच. शेजारी शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटावेत. पण १९९३ साली टॉमस कोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशांचे डीएनए तपासले, तेव्हा मलावीतला शेवाळखाऊ टांगानिकातल्या शेवाळखाऊचा जवळचा कोणी निघाला नाही. त्याचे जवळचे नातलग मलावीतच होते, अगदी वेगळ्या तोंडाचे. एकच तोंड दोन सरोवरांत दोनदा घडले होते. म्हणजे मी गुण कापले त्याच्या आदल्याच वर्षी हे छापून आले होते!

मला सर्वांत नवल वाटले ते जाड ओठांचे. खडकाच्या फटीत लपलेले किडे ओढून काढायचे तर तोंड फटीवर घट्ट बसायला हवे. ते काम मांसल ओठ करतात. असे ओठ टांगानिकात, मलावीत, व्हिक्टोरिया सरोवरात आणि पार समुद्रापलीकडे निकाराग्वाच्या सरोवरांतही निरनिराळे घडले. एवढेच नव्हे, तर इथिओपियाच्या ताना सरोवरात कार्प कुळातल्या एका माशालाही तसेच ओठ आहेत. आणि कार्प कुळातला म्हणजे आपल्या महाशीरच्या कुळातला. मध्य प्रदेशाने २०११ साली राज्यमासा ठरवलेला तो महाशीर. त्याच्याही काही माशांचे ओठ असेच जाड असतात.

मग कुळाला काहीच अर्थ नाही का? आहे. सिक्लिड काय, कार्प काय, यांच्या घशात खाद्य फोडायची वेगळी सोय असते. सिक्लिडांना तर चक्क दुसरा जबडा असतो. चावण्याचे काम घशाने उचलले की पुढचे तोंड फक्त पकडण्यापुरते मोकळे राहते, आणि मिळेल त्या खाद्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या बदलू शकते. घराण्याकडून मिळाली ती ही मोकळीक. पक्ष्याचा पंख आणि वटवाघळाचा पंख हे उदाहरण मी तीस वर्षे वर्गात घोकून घेतले, पण तीच गोष्ट तापीकाठचा मुलगा माशावरून सांगत होता, तेव्हा मला ती ओळखू आली नाही.

गेल्या हिवाळ्यात बुऱ्हाणपूरला आलो असताना मुद्दाम मासळीबाजारात गेलो. तो तिथेच बसतो. केस पांढरे झालेत. ओळख पटताच हात पुसून पाया पडायला आला. मी त्याला सरोवरांची सगळी हकीकत सांगितली. त्याने एक मृगळ उचलला, बोटाने त्याचा कल्ला उघडून घशातले दात मला दाखवले. महाशीरविषयी विचारले, तर म्हणाला, "बाबा आणायचे सर, नर्मदेकडून. त्याचे ओठ धरायला मजा यायची. धरणे झाल्यापासून पाणी थांबले, आता दिसतो क्वचित."

निघताना म्हणाला, "सर, ते दोन मार्क आता देता का?"

मी खिशातले पेन काढले. त्याने मासे बांधायचा वर्तमानपत्राचा कागद पुढे केला आणि त्यावर माझी सही घेतली.