सहलीचा टी-शर्ट: मजकूर, माप आणि छपाई

एकत्र सहलीला निघालेल्या कुटुंबाने सारखे टी-शर्ट घालणे ही आता महाराष्ट्रात नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मे महिन्यात मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी ताटकळणाऱ्या गर्दीत असे घोळके सहज दिसतात. हौस बाजूला ठेवली तरी त्याचा एक रोकडा उपयोग आहे: होडीत चढताना आणि उतरताना माणसे मोजता येतात. प्रस्तुत लेखिकेच्या घरची २७ माणसे, आजीपासून पहिलीतल्या भाचरापर्यंत, तारकर्लीला निघाली तेव्हा टी-शर्टांचे काम लेखिकेच्या गळ्यात पडले. पुढील माहिती त्या अनुभवातली आहे.

काम मजकुरापासून सुरू करावे, रंगापासून नव्हे. कारण खरा वाद मजकुराचा असतो. सर्वांना आधी आडनावच सुचते: ‘अमुक परिवार’. पण हे आडनाव घरातल्या मुलग्यांचे. लग्न झालेल्या मुली, जावई आणि त्यांची मुले यांची आडनावे निराळी असतात. लेखिकेच्या घरी हा प्रस्ताव धाकट्या काकांनी मांडला. थोरल्या आत्याने “मग आम्ही काय पाहुण्या?” एवढेच विचारले आणि प्रस्ताव तिथेच बारगळला. गावाचे नाव घालावे, तर सुनांचे गाव वेगळे आणि जावयांचे त्याहून वेगळे. शेवटी ‘आजीची माणसं’ हे दोन शब्द ठरले. त्यात मुली, सुना, जावई, नातवंडे सगळी बसली. इतकेच नव्हे, तर प्रत्येक सहलीला बरोबर असणारे शेजारचे काका-काकूही बसले. टी-शर्टवर काय छापायचे हे ठरवताना कुटुंबात कोण कोण मोडते हेच ठरवले जात असते, म्हणून या टप्प्याला वेळ द्यावा.

‘येवा, कोकण आपलोच असा’ हे वाक्य बरेच जण सुचवतात. ते यजमानाने म्हणायचे वाक्य आहे. पाहुण्याने ते छातीवर मिरवत कोकणात फिरण्यात काही अर्थ नाही. सिंधुदुर्गाची सहल म्हणून शिवाजी महाराजांचे चित्र घालण्याची सूचनाही आली. आजीने ती एका वाक्यात निकालात काढली: “तो टी-शर्ट उद्या फरशी पुसायला जाणार आहे, हे ध्यानात ठेवा.” देवादिकांच्या आणि थोरांच्या चित्रांबाबत हा नियम सरसकट पाळण्यासारखा आहे. पाठीवर अखेर होडीची साधी रेषाकृती आणि खाली ‘सिंधुदुर्ग’ एवढेच आले. मोठ्यांच्या बाहीवर हवे तर टोपणनाव चालते. लहान मुलांची नावे मात्र बाहेरून दिसतील अशी छापू नयेत, कारण अनोळखी माणसालाही त्यामुळे मुलाला नावाने हाक मारता येते. मुलांच्या टी-शर्टला आतल्या बाजूने, खालच्या शिवणीपाशी, न पुसणाऱ्या शाईने पालकांचा फोन नंबर लिहावा.

रंग निवडताना तो गर्दीत उठून दिसावा आणि त्याचा भलता अर्थ निघू नये, हे दोन्ही पाहावे लागते. पिवळ्यात सगळे घर हळदीला निघाल्यासारखे दिसते, भगव्यात प्रचाराला. पांढरा भिजला की अंगाला चिकटून पारदर्शक होतो. काळा कोकणच्या उन्हात तापतो. पोपटी रंगाला कोणाचीच ना नव्हती. फिक्या कापडाचा आणखी एक फायदा म्हणजे गडद शाई त्यावर थेट बसते. गडद कापडावर रंग खुलण्यासाठी आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो आणि तेवढा खर्च वाढतो.

कापडाचा जाडपणा जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, असा सांगतात. १८० जीएसएमचे सुती होजिअरी कापड बाजारात सर्रास मिळते आणि उकाड्यातही सोसते. दोनशेच्या पुढचे दमट हवेत नको वाटते. पॉलिएस्टरचे ‘ड्राय-फिट’ लवकर वाळते, पण घामाचा वास धरते.

सर्वांत किचकट काम मापांचे. ग्रुपवर ‘साइज सांगा’ असे विचारले की बहुतेक माणसे कधीकाळची मापे सांगतात. शिवाय एका कंपनीचा ‘एल’ दुसरीच्या ‘एम’एवढा निघू शकतो. त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचा नीट बसणारा टी-शर्ट पलंगावर सपाट पसरायला सांगावे आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचे अंतर इंचांत मागवावे. त्याची दुप्पट म्हणजे छातीचा घेर. तो दुकानाच्या तक्त्याशी ताडून पाहावा. उंचीही विचारावी, विशेषतः बायकांना. हात वर केल्यावर टी-शर्ट वर चढतो ही तक्रार हमखास येते. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते, म्हणून शंका असेल तिथे मोठे माप घ्यावे. एक ‘एल’ आणि एक ‘डबल एक्सएल’ जादा मागवलेला असला की ऐन वेळी येणाऱ्या माणसाची सोय होते. ज्यांना टी-शर्ट घालायचाच नाही त्यांना आग्रह करू नये. आजी नऊवारीत, एक मामी साडीत. दोघींसाठी त्याच मजकुराच्या कापडी पिशव्या छापून घेतल्या. पिशव्या पुढे भाजीला उपयोगी पडल्या, म्हणजे टी-शर्टांपेक्षा त्यांचे पैसे जास्त वसूल झाले.

देवनागरी मजकूर छापखान्यात पोहोचेपर्यंत बिघडण्याची शक्यता मोठी असते. लेखिकेच्या हाती आलेल्या पहिल्या नमुन्यात ‘सिंधुदुर्ग’मधली ऱ्हस्व वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाऊन बसली होती आणि रफार ‘ग’वर चढण्याऐवजी पाय मोडलेला ‘र’ शेजारी उभा होता. याचे कारण सरळ आहे. युनिकोडमध्ये ‘सि’ साठवताना आधी ‘स’ आणि मग वेलांटी येते. ती डावीकडे नेऊन दाखवण्याचे आणि जोडाक्षरे जुळवण्याचे काम सॉफ्टवेअरला करावे लागते. जुन्या आवृत्त्यांना ते जमत नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांची अक्षरयोजनाच वेगळी असल्याने युनिकोड मजकूर त्यांत नेला की नुसता गिचमिडा उरतो. यावर उपाय म्हणजे मजकूर टाइप केलेल्या रूपात पाठवूच नये. अक्षरांचे आकारात रूपांतर करून, म्हणजे छपाईवाल्यांच्या भाषेत ‘कर्व्ह’ करून, पीडीएफ द्यावी. तरीही नमुना घरातल्या शुद्धलेखनाच्या कटकट्या माणसाकडून तपासून घ्यावाच.

फॉन्टसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘बलू’ आणि ‘मोदक’ मोफत मिळतात. ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की लहान आकारात त्याच्या अक्षरांतल्या फटी बुजतात. तो छातीवरच्या मोठ्या अक्षरांसाठी ठेवावा. ‘यात्रा’ हा फॉन्ट मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला आहे, आणि सहलीला तो शोभतो. फार बारीक रेषेचा फॉन्ट टाळावा. छपाईत अनुस्वाराचे टिंब पहिले नाहीसे होते.

छपाईची पद्धत संख्येवर ठरते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी चौकट बनवावी लागते, त्यामुळे रंग कमी आणि नग जास्त असतील तर ती स्वस्त पडते. छाप टिकाऊ असते. डीटीएफमध्ये चित्र फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर दाबतात. रंग कितीही चालतात आणि प्रत्येक नगावर वेगळे नाव घालता येते. सब्लिमेशन पॉलिएस्टरवर आणि फिक्या रंगावरच होते. सुती टी-शर्ट आणि एकच रंग म्हटल्यावर इथे स्क्रीन प्रिंटिंग ठरले. बाहीवरची टोपणनावे तेवढी डीटीएफने केली.

आधी एकच नग छापून घ्यावा, तो घरी धुऊन पाहावा आणि मगच बाकीच्यांना हिरवा कंदील द्यावा. मेमध्ये लग्नसराईची आणि सहलींची कामे एकदम येतात, म्हणून ऑर्डर तीन आठवडे आधी दिलेली बरी. पैसे माप घेतानाच गोळा करावेत. सहल संपल्यावर ते मागणे अवघड जाते. टी-शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवावा आणि छपाईवर इस्त्री फिरवू नये.

छपाईची मूळ फाइल जपून ठेवावी. मापांची यादी फेकून दिली तरी चालते. पुढच्या सहलीपर्यंत मुलांची सगळी मापे बदललेली असतात, आणि मोठ्यांचीही.