तंबाखूच्या गावातून

२६ जून २०२५, निपाणी
आज अमली पदार्थविरोधी दिन. शाळेची फेरी माझ्या औषधाच्या दुकानावरून गेली. पोरं घोषणा देत वखारींच्या रस्त्याला वळली आणि तंबाखूच्या धुरळ्यानं निम्मी शिंकायलाच लागली. मास्तरांनी फेरी घाईनं पुढं काढली. याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींबरोबर शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबार झाला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात तंबाखू नाही. गावाचं पोट तिच्यावर, आणि माझ्या काउंटरवर येणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या चिठ्ठ्याही बऱ्याचशा तिच्याच.

२८ जून
दिवसभर पाऊस, गिऱ्हाईक नाही. सायकेडेलिक औषधांवर वाचत बसलो. काही अळंब्यांत सिलोसायबिन नावाचं भ्रम आणणारं द्रव्य असतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं ते वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या १५ जणांना समुपदेशनासह दोन-तीनदा दिलं. २०१४ मध्ये निकाल छापला: सहा महिन्यांनी १२ जण सिगारेटीपासून लांब. तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि १५ माणसांत आमच्या एका वखारीची पाळीसुद्धा भरत नाही. तरी निपाणीत बसून हे वाचताना पान उलटवेना. पुढच्या चाचणीला २०२१ मध्ये अमेरिकी सरकारनंच पैसे दिले.

१ जुलै
अमली पदार्थ कायदा पुन्हा काढला. सिलोसायबिन, एलएसडी, एमडीएमए, तिन्ही यादीत. सिलोसायबिन ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, म्हणजे किमान १० वर्षं आत. पण कलम ८ मध्येच वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगाची सवलत लिहिलेली आहे. वजनाचा घोळ वेगळाच. एलएसडीबरोबर ती शोषलेल्या कागदाचंही वजन धरायचं, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ठरवलं. अळंबी म्हणजे मिश्रण नव्हे, तिचं सगळं वजन सिलोसायबिनच्या खात्यावर टाकू नका, असं केरळ उच्च न्यायालय यंदा जानेवारीत म्हणालं. असल्या भानगडीत कुठला प्राध्यापक संशोधनाचा अर्ज घेऊन उभा राहील?

बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक वैद्यक संस्था आहे, औषधी वनस्पतींवर काम करते. हा विषय तिथवर जावा असं मला मनापासून वाटतं. गिऱ्हाइकासमोर मात्र बोलणार नाही. कुणीतरी उद्या रानातली विषारी अळंबी खाऊन बसायचा.

४ जुलै
"ओ अण्णा, ही गोळी हाय काय?"

विडी वळणारी बाई. नवऱ्याचा निम्मा जबडा काढलेला. चिठ्ठी कोल्हापूरची: मॉर्फिन, १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी. तिकडच्या दवाखान्यानं आठ दिवसांच्या दिल्या होत्या, त्या संपल्या.

"अक्का, ही आमच्याकडं नसती. मान्यता असल्याल्या दवाखान्यातच मिळती."

"मग परत कोल्हापूर? रातभर वरडत्यात ओ ते."

काय सांगणार? मॉर्फिन अफूतूनच निघतं, आणि परवान्याची अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात पिकते. १९८५ च्या कायद्यानं मॉर्फिनवर बंदी घातली नव्हती. पण प्रत्येक राज्याचे वेगळे परवाने आणि वर तुरुंगाची भीती. दवाखान्यांनी आणि दुकानदारांनी मॉर्फिन ठेवायचंच सोडलं. १९९७ पर्यंत देशातला वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे बरेच जण वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिनसह सहा औषधांना आता देशभर एकच नियम आहे. बाई तरीही कर्नाटकाच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरलाच गेली. सिलोसायबिनला उद्या परवानगी मिळाली तर त्याचंही हेच होणार, नुसत्या सवलतीच्या ओळीनं औषध गावात येत नाही.

९ जुलै, बेळगाव
भूलतज्ज्ञ मित्राकडे जेवलो. सिलोसायबिनचा विषय निघाला. तो म्हणाला, "केटामाईन बघ की. ऑपरेशनला आम्ही रोज वापरतो. गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्यातही थोड्या मात्रेत, रुग्णावर नजर ठेवून देतात." २०११ मध्ये तेही अमली कायद्याखाली आलं. विकायला २०-एफ हा वेगळा परवाना, माल कुलपात, चिठ्ठीची प्रत दोन वर्षं जपायची. कटकट आहे, पण काय करायचं ते लिहिलेलं आहे, म्हणून औषध मिळतं.

मी सिलोसायबिनच्या २०१६ च्या दोन चाचण्या काढल्या. कॅन्सरमुळे भीती आणि नैराश्यानं ग्रासलेले ५१ रुग्ण हॉपकिन्समध्ये, २९ न्यूयॉर्कला. सिलोसायबिनच्या एका मोठ्या मात्रेनंतर बऱ्याच जणांना महिनोन्‌महिने हलकं वाटलं. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ते वापरायची मुभा दिली आहे, नैराश्यासाठी. अमेरिकेनं २०२४ मध्ये एमडीएमएला औषध म्हणून नकार दिला, हे त्यानं लगेच ऐकवलं.

"तुझ्या त्या पेशंटला आधी रात्रीची झोप लागू दे, मग भीतीचं बघू," तो म्हणाला. मला ते अर्धंच पटलं. दुखणं आणि भीती पाळी लावून येत नाहीत. पण आधी काय मागायचं, यावर त्याचं बरोबर होतं.

११ जुलै, निपाणी
औषध नियंत्रण कार्यालयाला पत्र केलं. माझं कन्नड अर्जापुरतं नाही, म्हणून पुतण्याकडून लिहवून घेतलं. निपाणीत मॉर्फिन ठेवायची मान्यता कुठल्या दवाखान्याला आहे, नसेल तर ती घ्यायला काय काय लागतं, एवढंच विचारलंय. अळंबीचं त्यात काही घातलं नाही. पुतण्याला पोच घेऊनच यायला सांगितलंय.