पाना

बोल्ट जाम झाला की पहिली शिवी तोंडात येते, मग हातोडा हातात. शिवी देऊन घ्यावी. हातोडा जरा बाजूला ठेवावा.

आमच्या धाकट्याची जुनी मारुती व्हॅन हाय. चादरी-टॉवेल भरून तो आठवडी बाजार करतो. केडगावातून निघायचं, करंजी घाटातून पाथर्डीकडं. पुढच्या ब्रेकचे पॅड झिजून लोखंडावर लोखंड करकरायला लागलं. आता घाटात ब्रेक लागला नाही तर? एका गॅरेजवाल्यानं सांगितलेल्या मजुरीत दोन बाजारांची कमाई गेली असती. वर आपण नुसता पाना उचलला तरी, "ए, हात नको लावू." असं का म्हणतात ते म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

मित्रांनो, पाना ही साधी वस्तू नाही. गावगाड्यात लोहाराला घण, सुताराला वाकस. माझ्या आज्याला वेसकराची काठी. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणाईखातं बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्यांपुढंच टाकला. मग फेब्रुवारी १९३८, मनमाड. अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, एवढं त्या भाषणातलं आपण भिंतींवर लिहितो. मी गिरणीतला माणूस, मी दुसऱ्याच जागी अडकतो. रेल्वेच्या कारखान्यात अस्पृश्याला मेकॅनिक करत नाहीत, तो हमालच राहतो, हेही बाबासाहेब तिथंच बोलले. म्हणजे वजन आपण उचलायचं, पाना दुसऱ्यानं फिरवायचा.

तर रात्रपाळी करून आलो आणि गाडी दारातच घेतली. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले. मागच्या चाकांना दगड लावले, जॅक मारला, खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकवर कुणी जोर लावू नये, गाडी अंगावर येते.

कॅलिपरचा खालचा बोल्ट हलेना. बोल्ट अडतो कशानं? गंज लोखंड खातो आणि खाल्लं त्याहून जास्त जागा धरून बसतो. आट्यांत फुगतो. त्याच्याशी कुस्ती केली की बोल्टाचं डोकं गोल होतं, नाहीतर मान तुटते. तारेच्या ब्रशनं खरवडलं, आट्यांच्या तोंडाशी गंज सोडवायचं तेल सोडलं आणि झोपलो. रात्रपाळीवाल्याला हे बरं जमतं. तेल मात्र डिस्कला, पॅडला लागू द्यायचं नाही. लागलं तर ब्रेक धरणारच नाही. आग दाखवायचा सल्ला शेजाऱ्यानं दिला. शेजारी रबर, नळीत ब्रेक ऑईल, म्हणून आग नको म्हणालो.

दुपारी उठून बोल्टाच्या डोक्यावर सरळ तीन-चार ठोके दिले. आता हातोड्याची पाळी होती. ठोक्यानं गंजाची पकड तडकते. फिक्सपाना दोनच बाजू धरतो, म्हणून सहा कोनांचा सॉकेट पूर्ण बसवला, दांड्यात हातभर पाईप घातला. आधी केसभर आवळला, मग सोडला. बोल्ट पलीकडून असला की डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा वाकून त्याच्या डोक्यासमोरून बघायचं. कट्‌ असा आवाज झाला. धाकटा ओरडला, "तुटला का रं दादा?" तुटला नव्हता, सुटला होता. तरी एकदम काढला नाही. पाव फेरा पुढं, थोडा मागं, परत तेल. बोल्ट चिरकायला लागला की थांबायचं.

पॅड बदलले, आटे पुसून बोल्ट बसवले, चाक चढवलं. धाकटा किल्ली मागायला लागला, बाजाराची वेळ झाली होती. दिली नाही. पॅड घालताना पिस्टन मागं ढकललेला असतो, म्हणून पहिल्या दाबांना पेडल तळाला जातं. त्याला बसवून दाबत ठेवलं, दगडासारखं लागेपर्यंत. तसं लागलं नसतं तर नळीत हवा आहे म्हणायचं आणि तो बाजार बुडवायचा.